अंधाऱ्या महालातील राजा

मराठी भाषेत तोंड आणि अब्रू यांची फारकत कधी झालीच नाही. तोंड दाखवायला जागा न उरणे, तोंड काळे करणे, तोंड लपवीत फिरणे आणि एवढे होऊन पुन्हा वर तोंड करून बोलणे, हे सारे वाक्प्रचार आपण नित्य वापरतो. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. तोंड लपवणाऱ्याने आधी काहीतरी केलेले असते. कर्ज बुडवलेले असते, वचन मोडलेले असते, निदान परीक्षेत तरी तो नापास झालेला असतो. परंतु समाजात तोंड लपवणारा आणखी एक माणूस असतो आणि त्याच्या हातून काहीही घडलेले नसते. आपला चेहरा चारचौघांनी पाहण्याजोगा नाही, एवढाच त्याचा स्वतःवरचा आरोप असतो. लग्नाच्या पंगतीत तो कडेचे पान धरतो, सामुदायिक छायाचित्रात उंच माणसाच्या मागे उभा राहतो, दुकानातल्या आरशासमोरून जाताना मान वळवतो. भाषेने त्याच्यासाठी निराळा शब्दप्रयोग घडवला नाही. अपराध्याचाच वाक्प्रचार त्याला उसना दिला.

या माणसाला वाङ्मय काय देते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सौंदर्याची वर्णने आपल्याकडे विपुल आहेत. नखशिखान्त वर्णनाचे तर संस्कृतात शास्त्रच झाले. कुरूपतेचीही वर्णने आहेत, पण ती बहुधा राक्षसांची किंवा विदूषकांची, म्हणजे एक तर भिण्यासाठी, नाही तर हसण्यासाठी. कुरूप माणसाच्या आत शिरून, तो आपल्याच चेहऱ्याकडे कसा पाहतो हे सांगणाऱ्या कृती मोजक्याच. त्यांपैकी तीन-चार कृती शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम दोन प्रचलित उत्तरांचा विचार करू. पहिले उत्तर संतांचे. चोखोबांचा उसाच्या वाकडेपणाचा अभंग ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. मुलगा रंगाने सावळा म्हणून हिरमुसला की आजी तोच अभंग ऐकवते. अभंग थोर आहे, यात शंका नाही. परंतु तो नीट वाचला तर ध्यानात येते की त्यातील प्रश्न पाहणाऱ्याला केलेला आहे. वरवरच्या रंगाला भुलणारा जो कोणी आहे त्याला चोखोबा जाब विचारतात. ज्यांना देवळाच्या दारात उभे राहण्याचीही बंदी होती, त्यांनी दाराआडच्या लोकांना विचारलेला हा जाब आहे. तो आपण उलटा फिरवून, ज्याच्याकडे पाहिले जाते त्यालाच समजुतीदाखल ऐकवतो. भुलणारा नामानिराळा राहतो आणि सोसणाऱ्याला उपदेश मिळतो.

दुसरे उत्तर बालवाङ्मयाचे. हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाने १८४३ साली कुरूप बदकपिल्लाची कथा प्रसिद्ध केली आणि ग. दि. माडगूळकरांच्या गीताने ती मराठी मुलांच्या ओठी बसवली. कथा गोड आहे, परंतु तिच्यातील दिलासा तपासून घ्यावयास हवा. ते पिल्लू कुरूप नव्हतेच. ते राजहंस होते, केवळ चुकीच्या तळ्यात वाढत होते. जे पिल्लू खरोखरच बदकाचे आहे आणि बदकांतही देखणे नाही, त्याच्यासाठी या कथेत एकही ओळ नाही. पाण्यातल्या प्रतिबिंबात राजहंस दिसण्याची वाट पाहत ते पिल्लू म्हातारे होईल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जातककथांत एक कुशजातक आहे. जातकांची आणि एकूणच बौद्ध वाङ्मयाची मराठी वाचकाला ओळख करून देणाऱ्यांत गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली होती, हे बडोदेकर वाचकांना सांगणे नको. नीतिबोधाचा शिक्का बसल्यामुळे जातकांकडे आपण मुलांच्या गोष्टी म्हणून पाहतो. कुशजातक मात्र प्रौढांसाठी आहे, किंबहुना विवाहितांसाठी आहे.

कुशावती नगरीचा राजा ओक्काक, त्याची पट्टराणी शीलवती. इंद्राच्या कृपेने तिला दोन पुत्र होतात. थोरला कुश, बुद्धीने अलौकिक आणि रूपाने विरूप. धाकटा जयंपती, रूपाने देखणा आणि बुद्धीने बेताचा. कुशाच्या विवाहाची बोलणी निघताच तो नकार देतो. त्याचा विचार सरळ आहे. सुंदर राजकन्या आपल्याला पाहताच पळून जाईल आणि घराण्याची लाज जाईल, त्यापेक्षा आईबापांची सेवा करावी आणि पुढे संन्यास घ्यावा. येथे कथाकाराची पहिली मार्मिकता दिसते. कुशाला अजून कोणी नाकारलेले नाही. नकार त्याने मनातल्या मनात ऐकला आहे आणि त्यालाच तो उत्तर देतो आहे. चेहऱ्याची लाज वाटणाऱ्या माणसाचे हे अगदी खरे लक्षण होय. लोकांचे डोळे तो स्वतःच्या डोक्यात बाळगून असतो.

आग्रह अनावर झाल्यावर कुश एक युक्ती करतो. सोन्याची स्त्रीमूर्ती स्वतःच्या हातांनी घडवतो आणि अशी कोणी मिळाली तरच वरीन, असे सांगतो. हेतू हा की अशी मिळू नये. पण मूर्ती गावोगाव फिरते आणि मद्रराजाची कन्या प्रभावती तिच्याहूनही सरस निघते. मग आई पुढे सरसावते. आमच्या कुळाचा आचार असा की गर्भ राहीपर्यंत सुनेने नवऱ्याचे तोंड दिवसा पाहावयाचे नाही, असे ती सांगते. कुळाचार अर्थातच खोटा. कुरूप मुलाचे तोंड आईच्या मायेने अंधारात झाकले आहे. ही माता दुष्ट नाही, म्हणूनच प्रसंग मनाला लागतो. आपल्या अपत्यात काही उणे आहे असे मानून त्याला जपणारे आईबाप त्याच्या लाजेवर नकळत शिक्कामोर्तब करतात, हे या जुन्या कथाकाराने ओळखले होते.

पुढे दोघांनाही परस्परांना दिवसा पाहण्याची ओढ लागते. राणीसाठी मिरवणूक काढतात. हत्तीवर पुढे राजवेषात देखणा जयंपती बसतो आणि मागे माहुताच्या जागी खरा राजा. स्वतःच्या मिरवणुकीत आपला चेहरा भावाला देऊन मागे बसणारा कुश वाचकाला विसरता येत नाही. अखेर तो कमळांच्या तळ्यात कमळाच्या पानाआड तोंड लपवून बसतो. प्रभावती फूल खुडायला हात पुढे करते, तो तिचा हात धरतो आणि नाव सांगतो. यक्षाने धरले, असे किंचाळून ती मूर्च्छित पडते आणि शुद्धीवर आल्यावर माहेरची वाट धरते.

येथून कथेचा उत्तरार्ध. कुश राज्य सोडून सासरच्या नगरीत जातो. वीणा वाजवतो, कुंभारकाम करतो, पंखे विणतो, हार गुंफतो, शेवटी राजाच्या मुदपाकखान्यात आचारी होतो. प्रत्येक कलेत त्याचा हात ओळखू येतो आणि प्रत्येक वेळी प्रभावती पाठ फिरवते. गुणांनी रूपाची भरपाई होते हा आपला लाडका सिद्धान्त येथे महिनोन्‌महिने पणाला लागतो आणि हरतो. कथाकाराचे हे धैर्य आम्हांस फार मोलाचे वाटते. प्रभावती वाकते ती सात राजे नगरीला वेढा घालून तिला मागू लागतात तेव्हा, म्हणजे प्रेमाने नव्हे तर भयाने. कुश सिंहनाद करून सातही राजांना जिंकतो. आणि मग इंद्र त्याला एक दिव्य मणी देतो. त्याच्या प्रभावाने परतीच्या रथात पतिपत्नी रूपाने तुल्यबळ दिसू लागतात.

नेमका हा मणी आम्हांस खुपतो. एवढा वेळ कथाकाराने कुरूपता खरी मानली, तिचे दुःख खरे मानले, आणि शेवटी ती एका दागिन्याने पुसून टाकली. प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे सोडून प्रश्नच खोडला. ज्याच्यासाठी इंद्र मणी आणणार नाही त्या वाचकाला कथा रथाखाली सोडून पुढे निघून जाते.

या कथेशेजारी महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान ठेवावे. आमच्या पिढीला नल भेटला तो पाठ्यपुस्तकातल्या रघुनाथ पंडितांच्या हंसामुळे. तो हंस आपण जन्मभर लक्षात ठेवला आणि बाहुकाला विसरलो. द्यूतात सर्वस्व हरलेला नल दमयंतीला अर्ध्या वस्त्रात वनात टाकून जातो. पुढे वणव्यातून सोडवलेला कर्कोटक नाग त्याला दंश करतो आणि त्याचे रूप विद्रूप होते. हा दंश अपकार नसून उपकार आहे, असे कर्कोटकच सांगतो. आता तुला कोणी ओळखणार नाही, असा त्याचा खुलासा. म्हणजे कुश कुरूपता लपवतो, तर नल कुरूपतेच्या आड लपतो. एकाने काही केलेले नाही आणि तो लाजतो, दुसऱ्याने पत्नीला टाकले आहे आणि त्याला लाजेसाठी आडोसा मिळतो. प्रारंभी म्हटलेले तोंड लपवण्याचे दोन प्रकार या दोन कथांत असे आमनेसामने येतात.

दोन्ही नायक अखेर स्वयंपाकघरात पोहोचतात, हेही लक्षणीय आहे. बाहुक अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य आणि पाककर्म करतो. दमयंती केशिनी दासीकडून त्याची परीक्षा घेते, त्याने शिजवलेले अन्न मागवून चाखते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. मुलांना उराशी धरून बाहुक रडतो. दमयंतीची ओळख डोळ्यांनी पटत नाही. ती जिभेने, कानांनी आणि त्या रडण्याच्या वार्तेने पटते. प्रभावतीला जे साधले नाही ते दमयंतीला साधले, कारण तिच्यापाशी सहवासाची स्मृती होती. तरीही येथेही कर्कोटकाने दिलेली वस्त्रे आहेतच. ती पांघरताच नल पूर्ववत सुंदर होतो. व्यासांनाही बाहुकाला बाहुकच ठेवून दमयंतीच्या हाती देणे रुचले नाही.

ते धाडस करण्याचा प्रयत्न रवींद्रनाथांनी केला. रवींद्रनाथ म्हणजे देखणेपणाचा आदर्श, अशी आपली समजूत. परंतु ‘जीवनस्मृती’त (१९१२) त्यांनी लिहून ठेवले आहे की आपले कपाळ आणि चेहरा जेमतेम मध्यम प्रतीचा आहे, असे घरी वहिनींनी त्यांच्या मनावर बिंबवले होते. विलायतेत गेल्यावर निराळे मत ऐकू आले. त्यापूर्वी १८७८ साली ते मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी काही काळ राहिले होते. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिने त्यांना सांगितले होते की कधी दाढी राखू नका, चेहऱ्याची रेषा झाकू नका. उतारवयात दिलीपकुमार रॉय यांच्यापाशी ही आठवण काढताना, आपण तो सल्ला पाळला नाही आणि ते पाहायला ती राहिली नाही, असे रवींद्रनाथ म्हणाले. अन्नपूर्णेचा विवाह पुढे बडोद्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक लिटलडेल यांच्याशी झाला आणि १८९१ साली ती निवर्तली. एका मराठी मुलीने त्यांना चेहरा झाकू नका म्हणावे आणि त्यांनी पुढे झाकलेल्या चेहऱ्यांवर नाटके लिहावीत, यात कार्यकारणभाव शोधण्याचा आमचा आग्रह नाही. मात्र हा प्रश्न त्यांना परका नव्हता, एवढे निश्चित.

‘चित्रांगदा’ हे काव्यनाट्य १८९२ सालचे. महाभारताच्या आदिपर्वातील चित्रांगदा सुंदर आहे आणि अर्जुन तिला पाहताच मोहित होतो. रवींद्रनाथांनी तिला पुरुषासारखी वाढलेली, शस्त्र जाणणारी, रूपाने साधी केली. अर्जुन तिचा अव्हेर करतो. मग ती मदन आणि वसंत यांच्याकडून एका वर्षाचे सौंदर्य मागून घेते. अर्जुन व्रत विसरून तिच्या पायाशी येतो. येथे रवींद्रनाथांची प्रतिभा दिसते. मिळालेले रूपच तिला सवत वाटू लागते. अर्जुनाचे प्रत्येक आर्जव त्या उसन्या देहाला पोहोचते आणि ती आत उपाशीच राहते. कुशाच्या मण्याला हे परस्पर दिलेले उत्तर आहे, असे आम्ही मानतो. मण्यानंतर प्रभावतीने कुशावर प्रेम केले असेल तर ते कोणावर, हा जातकाने न विचारलेला प्रश्न चित्रांगदा विचारते. शेवटी ती आवरण दूर करून मूळ रूपात उभी राहते आणि देवी म्हणून पूजा नको, उपेक्षाही नको, संकटाच्या वाटेवर शेजारी जागा हवी, अशा आशयाचे मागणे करते. अर्जुन ते स्वीकारतो.

‘राजा’ हे नाटक १९१० सालचे, कुशजातकावरच आधारलेले. राणी सुदर्शना राजाला केवळ अंधाऱ्या महालात भेटते. तिला त्याला उजेडात पाहावयाचे आहे. वसंतोत्सवाच्या गर्दीत ती सुवर्ण नावाच्या देखण्या तोतयाला राजा समजते. पुढे आगीच्या उजेडात खऱ्या राजाचे काळे, भयंकर रूप पाहून माहेरी पळून जाते. येथपर्यंत जातकाचीच वाट आहे. परंतु शेवटी मणी नाही. राजा जसा होता तसाच राहतो. राणी धुळीच्या रस्त्याने पायी परतते आणि मान्य करते की तू सुंदर नाहीस, मात्र तुला उपमाही नाही. मग राजा महालाचे दार उघडून तिला उजेडात नेतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की हे रूपक असून राजा म्हणजे परमेश्वर. परमेश्वराच्या रूपाची चर्चा करून आपल्या शेजारच्या मुलीच्या न्यूनगंडाला काय लाभ? आमचे म्हणणे असे की आधार खरा असल्यावाचून रूपक उभे राहत नाही. माणसाला माणसाच्या चेहऱ्याची भीती वाटते, म्हणूनच ईश्वराच्या भीषण रूपाचे नाटक होऊ शकते. मात्र नाटकाची खरी मर्यादा निराळीच आहे. रवींद्रनाथांचा राजा लाजत नाही. त्याला स्वतःविषयी शंकाच नाही. तो अंधारात राहतो तो स्वेच्छेने, कमळाच्या पानाआड दडलेल्या कुशासारखा धडधडत्या काळजाने नव्हे. लाजेचे सारे ओझे राणीवर पडले आहे. आमचा निर्णय थोडक्यात असा. कुरूप माणसाचे मन जातकाने अधिक जाणले आणि शेवट रवींद्रनाथांनी अधिक प्रामाणिक केला. दोन्ही एकत्र आणण्याच्या सर्वांत निकट पोहोचली ती ‘चित्रांगदा’. पण तिचा साधेपणा हा बराचसा वेषाचा आणि संगोपनाचा आहे, हे दृष्टीआड करता येत नाही.

ही चर्चा पुस्तकी वाटू नये. आपल्यासारख्या मुलखाबाहेर स्थिरावलेल्या घरांत तिला एक वेगळी धार आहे. इंदूर-ग्वाल्हेरची, बडोद्याची, हैदराबादची मराठी मंडळी स्थळे शोधीत ती पुण्या-नागपुराकडे. प्रवास लांबचा, म्हणून आधी टपालाने छायाचित्र जाई. स्टुडिओतला कुशल कारागीर पेन्सिलीने गालावरचे व्रण पुसून देई. कुशाची सोन्याची मूर्ती अशी घरोघर फिरत असे. छायाचित्र परत आले की कारण विचारण्याची रीत नव्हती. मुलीने काय समजावयाचे ते समजावे. गोरी, निमगोरी, गव्हाळ अशा आपल्या वर्गवारीला बाजारानेही हातभार लावला. ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने १९७५ साली बाजारात आलेल्या मलमाचे नाव २०२० साली बदलले, पण मागणीचे मूळ नाव बदलून जात नसते. त्याच २०२० साली साथीमुळे मुखपट्टी आली. साथ ओसरल्यावर बहुतेकांनी ती आनंदाने काढली. काहींना ती काढवेना. अर्धा चेहरा झाकून रस्त्यावर चालता येते, ही त्यांना मिळालेली पहिली मोकळीक होती. त्यांना हसण्यापूर्वी हत्तीवर मागच्या जागी बसलेला कुश आठवावा.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एन्रिको मोर्सेली या इटालियन वैद्यकतज्ज्ञाने १८९१ साली या भावनेच्या आजारी रूपाला नाव दिले. नसलेल्या किंवा नगण्य व्यंगाच्या विचारात दिवसाचे तासन्‌तास जाऊ लागले, घराबाहेर पडणे थांबले, तर तो मनोविकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेथे अभंग, जातक वा रवींद्रनाथ यांपैकी कोणीही वैद्याची जागा घेऊ शकत नाही. वाङ्मयाचे काम त्याच्या अलीकडचे आहे. ते मुख्यतः पाहणाऱ्यांसाठी आहे. शीलवतीने खोटा कुळाचार का रचला, प्रभावतीला वीणेचा सूर का पुरला नाही, दमयंतीने डोळे बाजूस ठेवून कशी ओळख पटवली, हे ज्याने मन लावून वाचले तो पंगतीत कडेच्या पानावर बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पाहील आणि नजर चटकन वळवणार नाही.

मराठी कथेत मणी, वस्त्रे आणि राजहंस यांवाचून शेवटास गेलेला एखादा कुश यावा, अशी आमची इच्छा आहे. त्याने विद्वान असावे, वीणा वाजवावी, सात राजे जिंकावेत, अशी अट नसावी. सामान्य बुद्धीचा, सामान्य नोकरीतला आणि न-देखणा असा तो असावा आणि लेखकाने त्याला कोणतीही भरपाई न देता आपल्यासमोर दिवसाउजेडी आणून बसवावे. तसे लिहिणे अवघड आहे, कारण मणी द्यावा असा मोह लेखकाला शेवटच्या पानावर होणारच. आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांपैकी कोणी हे मनावर घेतले, तर या पत्रिकेत त्याचे स्वागत होईल.